जाते, चूल, आड आणि कंदील : साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे ग्रामीण घर

(गृहिणी व कुटुंबीयांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



शहरातल्या एखाद्या उपाहारगृहात शिरावे, तर दाराशी रंगवलेले जाते ठेवलेले दिसते. भिंतीवर पितळी कंदील टांगलेला असतो, कोपऱ्यात उतरंड रचलेली असते. पाहणारा कौतुकाने म्हणतो, "काय ते दिवस होते!" या उद्गारात वाईट काही नाही. पूर्वजांच्या वस्तूंविषयी ममत्व असणे हे जिवंत समाजाचे लक्षणच आहे. परंतु त्या जात्याचा खुंटा कोणाच्या हातात होता, तो पहाटे किती वाजता फिरू लागे आणि किती वेळ फिरे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वस्तूचे कौतुक करावे आणि ती वापरणाऱ्या हातांचा विसर पडावा, हे काही परंपरेवरचे खरे प्रेम नव्हे.

म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावरचे, म्हणजे साधारण १९४० ते १९६५ या काळातले महाराष्ट्रातील खेड्यामधले घर आज थोडे बारकाईने पाहायचे आहे. राजवाडे नव्हेत, गढ्या नव्हेत. साधे शेतकऱ्याचे घर. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील शंभरापैकी सुमारे त्र्याऐंशी माणसे खेड्यांत राहत होती. साक्षर होते शंभरात अठरा. स्त्रियांमध्ये तर शंभरात नऊसुद्धा नाहीत. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातल्या काही लाख खेड्यांपैकी जेमतेम दीड हजार खेड्यांत वीज पोहोचली होती. तेव्हा ज्याला आज 'गृहोपयोगी यंत्रे' म्हणतात, ती सारी यंत्रे त्या घरात माणसाच्या, आणि बहुतांशी बाईच्या, बळावर चालत. ती यंत्रे चार कामांभोवती उभी होती : धान्य, अग्नी, पाणी आणि उजेड.

धान्य : जात्याची घरघर

प्रथम धान्य. खळ्यावरून आलेले धान्य साठवण्याची व्यवस्था हीच एक मोठी विद्या होती. बांबूच्या वा तुराट्यांच्या विणलेल्या कणगीला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून घेत. घराच्या भिंतीलगत बळद असे. मोठ्या शेतकऱ्याकडे जमिनीखाली पेव असे. तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही आणि किडीला जगणे अवघड होते. कडुनिंबाचा पाला, राख यांचा उपयोग कडधान्ये टिकवण्यासाठी होई. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते सासूकडून सुनेकडे जात होते.

धान्य टिकत असे, पीठ टिकत नसे. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असतो, त्यामुळे तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. ज्वारीच्या शिळ्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना ती तुटते. म्हणून दळण हे आठवड्याचे नव्हे, तर रोजचे काम होते. माणशी अर्धा शेर धान्य धरले, तरी आठ माणसांच्या घराला रोज चार शेर, म्हणजे एक पायली दळण लागे. ते सूर्योदयापूर्वी व्हावे लागे, कारण उजाडल्यावर झाडलोट, धार, भाकरी आणि शेत वाट पाहत असत.

जात्याची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मध्ये खिळा आणि वर लाकडी खुंटा. तोंडातून मूठ-मूठ वैरण घालायची आणि फिरवायचे. दोन्ही तळ्यांमधले अंतर कमी-अधिक करून पीठ बारीक वा भरड काढता येई, त्याच जात्यावर डाळही भरडता येई. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावणारा गावात येई आणि छिन्नीने तळ्यांवर पुन्हा खाचा पाडून देई. दोघी समोरासमोर बसल्या तर श्रम निम्मा वाटे. एकटीवर पाळी आली तर खांदा भरून येई. गरोदर सून असो की अंगात कणकण असलेली, घरात पीठ नाही म्हणून जाते थांबत नसे.

याच जात्यावर ओवी जन्मली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात ओव्यांचे हे धन एकत्र केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून दीर्घकाळ संकलन केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉटव्हॅं यांच्या प्रयत्नांतून खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या ओव्यांत पंढरीचा विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, माहेरचा भाऊ आहे. आणि त्याबरोबर सासुरवासाचे दुःख आहे, न बोलता येणारी तक्रार आहे. ज्या स्त्रीला चारचौघांत तोंड उघडण्याची मुभा नव्हती, तिला जात्याच्या घरघरीचा आडोसा मिळाला. अक्षर न गिरवता तिने साहित्य निर्माण केले, हे तिचे थोरपण. परंतु ओवी सुंदर आहे म्हणून जात्याचे कष्ट सुंदर होते असे नाही. ओवी हे त्या कष्टांवर तिने शोधलेले औषध होते.

मग गिरणी आली. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत तेलावर चालणारी इंजिने खेड्यांत पोहोचू लागली. दिवसा विहिरीचे पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा भाऊबंद गावात पत्र्याच्या खोलीत बसून पीठ काढू लागला. त्याचा तो ठेका दूरवरून ऐकू येई. प्रारंभी गिरणीला विरोधही झाला. गिरणीत पीठ गरम होते, त्याचा कस जातो, भाकरीला चव राहत नाही, असे घरातले वडीलधारे म्हणत. त्यात तथ्यांश होता. वेगाने फिरणाऱ्या दगडात पीठ तापते, हे खरेच. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, चवीची तक्रार करणारे बहुधा दळणारे नव्हते. ज्यांचे हात जात्याला बांधलेले होते, त्यांनी डोक्यावर दळणाची पाटी घेऊन गिरणीची वाट धरली आणि मागे वळून पाहिले नाही. त्यांचा निर्णय हाच या यंत्राविषयीचा सर्वांत प्रामाणिक अभिप्राय होय.

अग्नी : धुराने भरलेले स्वयंपाकघर

दुसरे काम अग्नीचे. माती, शेण आणि भुसा कालवून घातलेली चूल, तिच्या बाजूला वैल. चुलीवर भाकरी होत असताना त्याच आगीच्या धगीवर वैलावरचे कालवण रटरटे. एका जाळात दोन कामे करण्याची ही युक्ती होती. भाकरी तव्यावरून काढून आहारावर फुगवायची, उरलेल्या निखाऱ्यांत वांगे भाजायचे, राखेने भांडी घासायची. काहीही वाया जात नसे.

परंतु सरपण आकाशातून पडत नव्हते. पऱ्हाट्या, तुराट्या, काटक्या आणि गोवऱ्या यांची बेगमी पावसाळ्यापूर्वी करावी लागे. ओल्या सरपणाचा धूर घरभर कोंडे. बसक्या छपराच्या, खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात फुंकणीने चूल फुंकणारी स्त्री दिवसाचे कित्येक तास त्या धुरात बसे. तिच्या मांडीवर तान्हे मूल असे. डोळ्यांतून पाणी येणे, खोकला जडणे, चाळिशीतच दम लागणे हे सारे 'बायकांचे असायचेच' म्हणून सोडून दिले जाई. चुलीच्या धुराने फुप्फुसांचे दीर्घ आजार आणि लहान मुलांना न्यूमोनिया होतो, हे आज वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. तेव्हा हे कोणाला कळत नव्हते असेही नाही. परंतु ज्यांच्या हाती घरखर्चाचा निर्णय होता, त्यांच्या डोळ्यांत तो धूर जात नव्हता.

काही थोर माणसांच्या डोळ्यांत मात्र तो गेला. वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीत घाणी, जाते, चूल अशा नित्याच्या साधनांवर प्रयोग झाले आणि 'मगन चूल' पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली निर्धूर चूल तयार केली आणि १९५३ मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध झाली. मातीचीच चूल, पण जाळाला बंदिस्त मार्ग, एकापुढे एक भांड्यांच्या जागा आणि शेवटी धूर बाहेर नेणारे धुराडे. खर्च अगदी थोडा.

मग ती घरोघरी का पोहोचली नाही? धुराड्यात काजळी साचे, ते वेळोवेळी साफ करावे लागे. कौलारू वा गवती छपरातून धुराडे काढले की गळती आणि आगीची भीती. लहान तोंडाच्या चुलीत लांब पऱ्हाट्या मावत नसत, त्या तोडत बसावे लागे. याच दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने आरशासारख्या परावर्तकाची सूर्यचूल काढली. कल्पना उत्तम, सूर्य फुकट. परंतु खेड्यातली भाकरी भल्या सकाळी आणि दिवेलागणीला होते. भर दुपारी अंगणात उन्हाकडे तोंड करून कोण स्वयंपाक करणार? आणि त्यावर भाकरी भाजणार कशी? ती चूल बाजारात चालली नाही. प्रयोगशाळेतील विद्वत्तेला कमी लेखण्याचा येथे उद्देश नाही. धडा इतकाच की, जी वस्तू जिच्या हाती द्यायची, तिला आधी विचारले पाहिजे.

गोबर वायूची कथा अधिक आशादायक आहे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ मध्ये डॉ. एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून ज्वलनशील वायू मिळवण्याचे प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र सिद्ध केले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. गोवरी जाळली की शेताचे खत जळते. येथे जळणही मिळे आणि खतही राही. परंतु घरगुती संयंत्राला चार-पाच जनावरांचे शेण रोज लागे. ज्याच्या गोठ्यात एकच गाय, त्याच्या चुलीला हे वरदान मिळाले नाही. तंत्रज्ञान चांगले असून भागत नाही, ते सर्वांत शेवटच्या घराला परवडणारे असावे लागते.

पाणी : कोणाची विहीर, कोणाची वाट

तिसरे काम पाण्याचे, आणि येथे गोष्ट केवळ श्रमाची राहत नाही. आडावर रहाट, रहाटावरून सोडलेला पोहरा, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. घरातला रांजण भरणे, जनावरांना पाणी दाखवणे, सडा घालणे. उन्हाळ्यात आड आटला की नदीच्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरावे लागे.

पायऱ्यांच्या विहिरी ही स्थापत्याची शोभा. परंतु माणसे पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालीत, आणि त्यातूनच नारू पसरे. नारू झालेल्या माणसाच्या पायातील फोडातून त्या कृमीची पिले पाण्यात मिसळत, ती पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या पोटात जात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने हातभर लांबीचा कृमी तयार होई. ऐन पेरणीच्या वा सुगीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळे. यावर लस निघाली नाही, औषध सापडले नाही. पाणी दुपदरी कापडाने गाळून घेणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे वा त्यांचे रूप बदलणे आणि हातपंप बसवणे या उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. माठाच्या तोंडाला बांधलेले साधे फडके हेही तंत्रज्ञानच असते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण दुसरे नाही. हातपंपांच्या इतिहासातही महाराष्ट्राचा वाटा आहे. जालना आणि सोलापूर येथे सुधारलेल्या पंपांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा दणकट पंप आकाराला आला आणि तो देशाबाहेरही गेला.

परंतु पाण्याची गोष्ट एवढ्यावर संपवली तर ती अर्धसत्य ठरेल. गावाचा आड गावातल्या सर्वांचा नव्हता. वस्तीबाहेरची स्त्री रिकामी घागर घेऊन आडापासून दूर उभी राहत असे आणि कोणी दयाळू बाई वरून पाणी ओतील याची वाट पाहत असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याचा अर्थ हाच होता. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. तरी कित्येक गावांत रहाटाला स्पर्श करण्याचा अधिकार प्रत्यक्षात मिळायला पुढची कित्येक वर्षे गेली. जुन्या गावगाड्याच्या एकोप्याचे गोडवे गाताना त्या रिकाम्या घागरीचे स्मरण ठेवले नाही, तर समरसता हा शब्द केवळ भाषणापुरता उरतो.

उजेड : स्वदेशीचा कंदील

चौथे काम उजेडाचे. पणती, समई देवापुढे, स्वयंपाकघरात काचेविना जळणारी, काजळी ओकणारी रॉकेलची चिमणी, ओटीवर कंदील. १९४२ मध्ये ब्रह्मदेश शत्रूच्या हाती गेला आणि तिकडून येणारे तेल बंद झाले, तेव्हा घासलेटच्या टंचाईने खेडी अंधारली. जागतिक युद्धाची झळ महाराष्ट्रातल्या एखाद्या ओसरीपर्यंत अशी पोहोचली.

या कंदिलाला एक अभिमानास्पद बाजू आहे. स्वदेशीच्या चळवळीतून तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि तेथला 'प्रभाकर' कंदील घराघरांत गेला. परदेशी कंदिलाच्या तोडीचा कंदील आपल्या माणसांनी घडवला. त्याच्या उजेडात हजारो मुलांनी अभ्यास केला, बाळंतिणीची खोली उजळली, रात्री गोठ्यात व्यालेल्या गाईची सोडवणूक झाली. रोज संध्याकाळी काच रांगोळीने वा राखेने पुसणे, वात कातरणे, तेल भरणे हे मुलांचे काम असे. वस्तू जपून वापरण्याचा संस्कार उपदेशातून नव्हे, अशा कामांतून होई.

जपण्याजोगे काय, सोडण्याजोगे काय

त्या घराचा एक मोठा गुण नाकारता येणार नाही. तेथील प्रत्येक वस्तू दुरुस्त होऊ शकत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात वर्णिलेली बलुत्याची व्यवस्था मध्यशतकापर्यंत खिळखिळी होत आली होती, तरी सुतार, लोहार, कुंभार, चांभार गावात होते. वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला येई. तापवलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा हात फिरवला की तांब्या-पितळेची भांडी आतून चकाकत आणि आंबट पदार्थ कळकत नसत. फुटक्या घागरीला डाग देता येई, जुन्या लुगड्याची गोधडी होई. टाकून देणे हा शब्दच त्या घराला परका होता. पुढे 'जर्मन'ची भांडी आली, स्टेनलेस स्टील आले. कल्हईची कटकट संपली आणि कल्हईवाला व कुंभार यांचा संसारही मोडला. प्रत्येक यंत्र कोणाचे तरी श्रम वाचवते आणि कोणाचा तरी रोजगार घेते. ज्याचा रोजगार गेला, त्याची चिंता समाजाने वाहायची असते. ती फारशी वाहिली गेली नाही, हे मान्य करावे लागेल.

आणि बलुत्याच्या त्याच व्यवस्थेत कोणाचे बलुते मानाचे होते आणि कोणाच्या पदरात शिळे पडत होते, हेही विसरता येत नाही. काटकसर घ्यावी, दुरुस्तीची वृत्ती घ्यावी, धान्य राखण्याचे शास्त्र घ्यावे. जन्मावरून ठरणारे काम आणि दान म्हणून मिळणारी मजुरी मात्र इतिहासातच राहू द्यावी.

आता आजचे चित्र. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी कोट्यवधी गरीब घरांत गेली. २०१८ मध्ये देशातील प्रत्येक खेड्यापर्यंत वीज पोहोचल्याची घोषणा झाली. २०१९ पासून नळाने पाणी देण्याची मोहीम सुरू झाली. ही वाटचाल अभिमानाची आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात शंभरापैकी सुमारे त्रेचाळीसच घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी होती. कित्येक घरांत शेगडी आहे, पण सिलिंडर भरण्याचे पैसे महिनाअखेरीस उरत नाहीत आणि मागच्या अंगणातली चूल पुन्हा पेटते. म्हणजे मध्यशतकातले ते घर संग्रहालयात गेलेले नाही. ते कोठे ना कोठे अजून उभे आहे, आणि त्यात एक बाई अजून फुंकणी घेऊन बसली आहे.

म्हणून कार्यकर्त्याने एखाद्या वस्तीत जावे, तेव्हा प्रथम स्वयंपाकघराच्या छपराकडे पाहावे. काजळी किती आहे ते पाहावे. पाणी कोण आणते, किती दुरून आणते, त्यापायी मुलीची शाळा बुडते का, हे विचारावे. जोडणी मिळाली का, यापेक्षा दुसरा सिलिंडर घेतला का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मध्यमवर्गीय घरांतही जेथे आजी, पणजी हयात आहेत, तेथे त्यांच्याजवळ बसून त्यांच्या दिवसाचा हिशोब मुलांनी लिहून घ्यावा : किती वाजता उठत, किती दळत, किती खेपा पाण्याच्या, जेवायला कितव्या पंगतीला बसत. असा हिशोब कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही. तो त्यांच्याबरोबर जाईल.

परंपरेचा आदर म्हणजे जुन्या वस्तूंची आरास नव्हे. ज्या हातांनी ती घरे चालवली, त्यांचे ऋण मोजणे आणि तसेच कष्ट आज ज्यांच्या वाट्याला आहेत, त्यांच्या हातातला भार उतरवणे, हाच तो आदर. चूल धूरमुक्त व्हावी, पाणी सर्वांचे व्हावे, उजेड शेवटच्या घरापर्यंत जावा. त्या जुन्या घरातील गृहिणीने आयुष्यभर इतरांसाठी पीठ दळले. तिच्या नातीच्या वाट्याला स्वतःसाठी थोडा मोकळा वेळ यावा, एवढे जरी समाजाने साधले, तरी पुष्कळ झाले.